जुन्या पोथ्यांच्या स्कॅनसाठी ओपन सोर्स इमेज सर्व्हर कुठला घ्यावा?

पानोपानी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे १४० च्या आसपास पोथ्या आहेत, काही मोडी कागद रुमालात बांधलेले, आणि कोणीतरी दान दिलेले जुने गावनकाशे. दोन वर्षांपूर्वी देणगी जमली तेव्हा एका एजन्सीकडून सगळं स्कॅन करून घेतलं. एकूण ११,००० टिफ फाइल्स आहेत, ६०० डीपीआय, पोथीचं एक पान साधारण ७२०० बाय ३००० पिक्सेल म्हणजे ६५ एमबीची एक फाइल, आणि नकाशे तर ८३० एमबीपर्यंत गेलेत. दोन हार्डडिस्कवर सगळं पडून आहे आणि खरं सांगायचं तर पडूनच आहे, कारण कोणाला दाखवायचं म्हटलं की मी पीडीएफ करून पाठवते, ती छोटी करावी लागते, मग झूम केलं की अक्षरं फुटतात. पोथीत ज्या जागी हरताळ लावून अक्षर खोडलंय आणि वर दुसरं लिहिलंय नेमकं तेच बघायला अभ्यासक येतात आणि पीडीएफमध्ये तिथे पिवळा डाग दिसतो, बस.

शोधाशोध केल्यावर ट्रिपल आय एफ (IIIF, मोठी चित्रं वेबवर झूम करून दाखवायची ठरलेली पद्धत) हे प्रकरण कळलं. त्यासाठी इमेज सर्व्हर, म्हणजे चित्राचा मागितलेला भाग काढून देणारं सॉफ्टवेअर, लागतो हेही कळलं. कँटलूप, आयआयपीइमेज, डिजिलिब अशी नावं दिसली. मी कॉम्प्युटरची डिप्लोमा केलेली आहे, लिनक्स थोडंफार येतं, म्हणून घरच्या मशीनवर (आठ जीबी रॅम) कँटलूप टाकून बघितलं. चाललं, पण एक पान उघडायला सहा-सात सेकंद लागतात आणि नकाशा लावला की जावा मेमरी संपली म्हणून एरर देतं.

तर प्रश्न असे की आयआयपीइमेज घेतलं तर हे फास्ट होईल का, मशीनच मोठं लागेल का, आणि विश्वस्तांचं म्हणणं आहे की वॉटरमार्क हवा आणि कोणाला डाउनलोड करता येऊ नये, ते कशात जमतं? पैसे फार नाहीत, वाचनालयात दिवसातून दोनदा लाइट जाते, त्यामुळे सर्व्हर तिथे ठेवायचा की बाहेर भाड्याने घ्यायचा हेही सांगा.

नदीकाठ

ताई, सर्व्हर बदलू नका. आधी त्यातली एक फाइल टिफइन्फोला (टिफची माहिती दाखवणाऱ्या कमांडला) देऊन बघा. टाइल विड्थ (चौकोनाची रुंदी) असं काही दिसतंय का? की फक्त रोज पर स्ट्रिप (एका पट्टीत किती ओळी)? आणि एका फाइलमध्ये किती डिरेक्टरी, म्हणजे त्याच पानाची किती चित्रं, दिसतात, एकच की सहा-सात?

पानोपानी

बघितलं. टाइलचं काही नाही, रोज पर स्ट्रिप आहे. डिरेक्टरी एकच. कॉम्प्रेशन नन.

नदीकाठ

मग तेच कारण आहे. सर्व्हरला प्रत्येक वेळी अख्खं पान वाचून लहान करावं लागतंय.

जुनाटटाइप

गेली आठ वर्षं एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात इमेज सर्व्हर मी सांभाळतो, दोन्ही वापरून झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

स्कॅनिंगवाले देतात ती टिफ जपून ठेवायची फाइल असते, दाखवायची नसते. ती पट्ट्यापट्ट्यांनी लिहिलेली असते. वाचक जेव्हा पान पूर्ण बघतो तेव्हा त्याच्या स्क्रीनला हजारभर पिक्सेल रुंदी पुरते, पण तेवढी काढायला सर्व्हर ७२०० पिक्सेल रुंदीचं सगळं पान मेमरीत घेतो आणि मग बारीक करतो. त्यात व्ह्यूअर एकच चित्र मागत नाही, छोटे चौकोन मागतो, एका वेळी वीस-पंचवीस. म्हणजे ६५ एमबी वाचणं वीस-पंचवीस वेळा. तुमची जावा मेमरी नकाशावर संपते त्यात कँटलूपचा काही दोष नाही, कुठलाही सर्व्हर लावा, ही फाइल समोर आली की तो अडखळणारच. आयआयपीइमेज तर मुळात टाइल केलेल्या पिरॅमिड टिफसाठीच लिहिलेला आहे.

पिरॅमिड टिफ म्हणजे एकाच फाइलमध्ये तेच पान पूर्ण आकारात, मग अर्ध्या, मग पाव, असं खाली खाली, आणि प्रत्येक पायरी २५६ बाय २५६ च्या चौकोनांत कापलेली. वाचकाने कितीही झूम केलं तरी सर्व्हर योग्य पायरी गाठतो आणि त्यातले हवे तेवढे चौकोन उचलून देतो, बाकी फाइलला हातही लावत नाही. जागा किती वाढते म्हणाल तर एक तृतीयांश, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पावपट असते.

हे करायला विप्स नावाचं हत्यार आहे, उबुंटूत थेट मिळतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं मोजण्या-तपासण्याच्या कामातून ते वाढलं, त्यामुळे मोठ्या इमेजशी त्याची जुनी ओळख आहे, ८३० एमबीचा नकाशासुद्धा थोड्या मेमरीत तुकड्या-तुकड्याने करतं. टिफसेव्ह कमांडला टाइल, पिरॅमिड, कॉम्प्रेशन जेपेग असे ऑप्शन द्या आणि क्वालिटी ९० ठेवा. ८५ ठेवू नका. पोथीत दंड आणि पुष्पिका (शेवटचा समाप्तीचा मजकूर) हिंगुळाने लाल लिहिलेल्या असतात, आणि जेपेग नव्वदीच्या खाली गेलं की विप्स रंगाची माहिती कमी करून साठवतं, मग लाल दंडाच्या कडा विस्कटतात आणि शाई आजूबाजूच्या कागदात पसरल्यासारखी दिसते. ही चूक मी पूर्ण एक संग्रहभर केली आणि परत सगळं कन्व्हर्ट केलं. ९० वर आमची तेवढ्याच आकाराची पानं १२-१३ एमबीत बसतात, म्हणजे तुमचे ११,००० धरले तर १४० जीबीच्या आसपास. मूळ ७१५ जीबी इंटरनेटवर न्यायची गरजच नाही, ते दोन वेगळ्या घरांत दोन डिस्कवर राहू द्या.

आता कँटलूप की आयआयपीइमेज. कँटलूप इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलंय, जावात आहे, सेटिंगची एक फाइल असते ती वाचली की बरंच कळतं, अ‍ॅमेझॉनच्या एस थ्री साठ्यावरून फाइल उचलता येते, कोणाला किती मोठं दाखवायचं याचे नियम रुबीच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहिता येतात. त्याची डिस्कवरची कॅशे (तयार तुकड्यांचा साठा) आपण होऊन चालू नसते, ती चालू करा आणि किती दिवसांनी साफ व्हायची तेही ठरवा नाहीतर डिस्क भरते. आयआयपीइमेज सी प्लस प्लसमध्ये आहे, लहान आहे, उबुंटूच्या पॅकेजमध्ये मिळतं, फास्टसीजीआयने एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे बसतं, दोन जीबी रॅममध्ये माझ्याकडे वर्षभर कुरकुर न करता चाललं. सेटिंग सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने. तुमच्या परिस्थितीत, कमी पैसे आणि फाइल्स एकाच डिस्कवर, मी आयआयपीइमेज घेईन. पण कँटलूप लावून झालंय आणि हाताला बसलंय तर तेच ठेवा, पिरॅमिड फाइल्स दिल्या की ते पण पळतं. डिजिलिबही चांगलं आहे, बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत विज्ञानाच्या इतिहासाचं काम चालतं तिथून २००० नंतर लगेचच सुरू झालं, पण त्याबद्दल विचारायला आपल्याकडे माणूस सापडणार नाही.

जेपेग २००० च्या वाटेला तूर्त जाऊ नका. फॉरमॅट उत्तम आहे, पण त्याचा वेगवान डीकोडर काकाडू हा लायसन्स घेऊन वापरायचा आहे, फुकटचा ओपनजेपेग त्यामानाने हळू.

कोरडी_विहीर

एवढा खटाटोप कशाला? ११,००० पानंच आहेत. विप्सच्या डीझेडसेव्हने सगळे चौकोन आधीच कापून ठेवा, ट्रिपल आय एफचा लेआउटही त्यात आहे, साध्या होस्टिंगवर टाका, ओपनसीड्रॅगन हा झूमचा व्ह्यूअर लावा, झालं. सर्व्हर सॉफ्टवेअरच नको, अपडेट नको, हॅक होण्याची भीती नको. ट्रिपल आय एफमध्ये याला लेव्हल झिरो म्हणतात, अधिकृतच आहे. नाहीतर सरळ इंटरनेट आर्काइव्हवर अपलोड करा, ते स्वतःच ट्रिपल आय एफ देतात.

जुनाटटाइप

@कोरडी_विहीर, पन्नास-शंभर नकाशांसाठी मीही हेच सांगितलं असतं, त्यात चुकीचं काही नाही. पण इथे हिशोब करून बघा. ७२०० बाय ३००० च्या पानाचे वरच्या पायरीला २९ गुणिले १२ म्हणजे ३४८ चौकोन, खालच्या पायऱ्या धरून ४७३. ११,००० पानांचे ५२ लाख. आणि ट्रिपल आय एफच्या लेआउटमध्ये प्रत्येक चौकोन स्वतःच्या फोल्डरमध्ये, ते फोल्डर आणखी एका फोल्डरमध्ये, असे तीन मजले असतात, म्हणजे एका चौकोनामागे चार इनोड (डिस्कवर प्रत्येक फाइल-फोल्डरची एक नोंद). दोन कोटींवर गेलं. ईएक्सटी फोर ही लिनक्सची फाइल सिस्टिम नेहमीच्या सेटिंगने १६ केबीला एक इनोड देतं, म्हणजे ८० जीबीच्या डिस्कला ५२ लाखच. डिस्कवर जागा शिल्लक दिसेल आणि फाइल लिहिता येणार नाही. ५१२ चे चौकोन केले तर एका पानाचे १२५ होतात, बरंच खाली येतं, तरीही याचा बॅकअप घ्यायला बसाल तेव्हा रात्र पुरणार नाही.

दुसरं म्हणजे लेव्हल झिरोत वाचक मनाला येईल तो भाग मागू शकत नाही, आधी कापलेलेच तुकडे मिळतात. पोथीच्या अभ्यासात तर तोच भाग मागता येणं महत्त्वाचं.

आर्काइव्हवर एक प्रत असावी याला मात्र माझं पूर्ण समर्थन. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांची ऑनलाइन हस्तलिखितं कित्येक महिने दिसत नव्हती, एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, आपण तर एका मशीनवर.

कोरडी_विहीर

इनोडचा हिशोब मी केला नव्हता. मान्य. नकाशे तेवढे ६०-७० च असतील तर ते स्टॅटिक करून बघा ताई, ५१२ च्या चौकोनात.

रुमाल_क्र_७

मी कॉम्प्युटरवाला नाही, मोडी वाचतो. वरचं अर्धं समजलं नाही पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे कारण ती आम्हा लोकांच्या फार कामाची आहे.

ट्रिपल आय एफचा जो पत्ता असतो त्यात पानाच्या नावानंतर चार आकडे देता येतात, डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. समजा १२००,८००,४२००,२६० असे टाकले, त्यापुढे मॅक्स, शून्य, डिफॉल्ट डॉट जेपीजी. लगेच त्या पानातली तेवढी एकच ओळ येते. आधी आम्ही काय करायचो, एखाद्या पत्रातला शब्द "करार" आहे की "करारी" यावर वाद असला की मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, दुसरा म्हणायचा कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, तो फोटो कुठल्या कागदाचा हेच दोन महिन्यांनी कळायचं नाही. आता पत्ता पाठवायचा, ओळ डोळ्यासमोर, आणि चार आकडे काढून त्यांच्या जागी फुल लिहिलं की अख्खा कागद. लेखात टीप देताना तोच पत्ता दिला तर वाचणारा स्वतः बघू शकतो की मी वाचलंय ते बरोबर की चूक. मोडीत अक्षरं एकमेकांना जोडून जातात, शब्द कुठे तुटतो हेच ठरवायला लागतं, त्यामुळे प्रत्यक्ष ओळ दिसणं म्हणजे निम्मं भांडण मिटतं.

म्हणून ताईंना विनंती, हे पत्ते नंतर बदलू नका. आमच्या जुन्या टिपांमधल्या किती लिंका आज मेल्यात ते आम्हाला विचारा.

नदीकाठ

+१. याच मुद्द्यावर तांत्रिक बाजू. ताई, तुमच्या फाइल्सची नावं काय आहेत?

पानोपानी

एजन्सीने फोल्डर केलेत. पोथीचं नाव मराठीत, आत पान ००१, ००२. म्हणजे "ज्ञानेश्वरी प्रत २" मग स्लॅश, मग ०१७अ असं.

नदीकाठ

हे आत्ताच बदला, कन्व्हर्ट करायच्या आधी. तीन कारणं. एक, आयडेंटिफायरमध्ये (पत्त्यातल्या पानाच्या नावात) स्लॅश आला की तो पत्त्यात पर्सेंट टू एफ असा लिहावा लागतो, आणि मधला प्रॉक्सी (इमेज सर्व्हरच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर) बऱ्याचदा तो उलगडून परत स्लॅश करतो, मग सर्व्हर म्हणतो असं पान नाही. अपाचेत त्यासाठी वेगळं सेटिंग आहे, कँटलूपमध्ये स्लॅशच्या जागी दुसरं चिन्ह ठरवता येतं, पण मुळात नकोच ना. दोन, देवनागरी एक अक्षर यूटीएफ एटमध्ये तीन बाइट, पत्त्यात गेलं की प्रत्येक बाइटचे तीन कॅरेक्टर, म्हणजे एकेका अक्षराचे नऊ. वर काना-मात्रा-वेलांटी वेगळे मोजले जातात. रुमाल काकांच्या टीपेत तो पत्ता अर्धं पान खाईल. तीन, मॅकवर आणि लिनक्सवर नुक्ता असलेली अक्षरं वेगवेगळ्या पद्धतीने साठवली जाऊ शकतात, दिसायला नाव सारखं आणि फाइल सापडत नाही, एक अख्खा दिवस माझा त्यात गेलाय.

दाखल नोंदवहीतला पोथीचा क्रमांक घ्या, त्यापुढे डॅश, पानाचा क्रमांक, पुढची बाजू मागची बाजू यासाठी एक अक्षर. बस. पोथीचं नाव मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पोथीची पानं आणि माहिती सांगणाऱ्या ट्रिपल आय एफच्या फाइलमध्ये, येईल, तिथे मराठीच लिहा, त्याच्या प्रेझेंटेशन एपीआय ३ या नियमांमध्ये लेबल कुठल्या भाषेतलं हे सांगायची सोय आहे. आणि पोथीचं पान आपण पुस्तकासारखं बाजूला उलटत नाही, वर उलटतो, तर मॅनिफेस्टमध्ये वाचण्याची दिशा वरून खाली अशी देता येते, ते विसरू नका. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मार्कच्या (कॅटलॉगच्या नोंदीच्या) ८५६ या रकान्यात मॅनिफेस्टवाल्या पानाची लिंक टाका म्हणजे कॅटलॉगमधूनच पोथी उघडेल.

जुनाटटाइप

वॉटरमार्क आणि डाउनलोडचं राहिलं होतं.

वॉटरमार्क दोन्हीत आहे. आयआयपीइमेजमध्ये चित्राची फाइल द्यायची आणि किती चौकोनांवर आणि किती गडद ते सांगायचं, कँटलूपमध्ये ओव्हरले म्हणतात. मोठी इमेज एकदम देऊ नये म्हणून आयआयपीइमेजमध्ये मॅक्स सीव्हीटी, कँटलूपमध्ये मॅक्स पिक्सेल्स. हे लावाच, डाउनलोडसाठी नाही तर कोणी ८३० एमबीचा नकाशा एका झटक्यात मागून मशीन पाडू नये म्हणून.

पण विश्वस्तांना स्पष्ट सांगा की डाउनलोड पूर्ण थांबवता येत नाही. वाचकाला चौकोन दिसतात म्हणजे ते त्याच्याकडे पोचलेले असतात, आणि ते जोडून मूळ चित्र बनवणारी हत्यारं फुकट मिळतात. माझं व्यक्तिगत मत, वॉटरमार्क लावू नका. तो नेमका अक्षरावर येतो. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, दोनशे वर्षांपूर्वीच्या पोथीच्या लेखनिकाचा हक्क राखायचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा मॅनिफेस्टमध्ये रिक्वायर्ड स्टेटमेंट म्हणून वाचनालयाचं नाव आणि देणगीदाराचं नाव लिहा, कुठल्याही व्ह्यूअरमध्ये उघडलं तरी ते दिसावं यासाठीच ती जागा आहे. केंब्रिजच्या डिजिटल लायब्ररीत संस्कृत हस्तलिखितं ट्रिपल आय एफने ठेवलीत. मिराडोर या व्ह्यूअरमध्ये एका खिडकीत त्यांचं पान आणि शेजारी तुमच्या वाचनालयाचं पान उघडून विश्वस्तांना दाखवा. आमच्याकडे समिती तेवढ्यावर तयार झाली होती.

सर्व्हर वाचनालयात नको. लाइट आणि अपलोड स्पीड दोन्ही नडतात. लहान भाड्याचं मशीन घ्या, दोन कोअर, चार जीबी रॅम, २०० जीबी डिस्क.

पानोपानी

सगळ्यांचे खूप खूप आभार. नऊ दिवसांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नावं बदलली. दाखल क्रमांक १ ते १४२ आहेत, त्यात चार पोथ्यांना क्रमांकच नव्हते, ग्रंथपाल मॅडमनी जुनी वही काढून ते शोधले, म्हणजे या निमित्ताने तेही काम झालं. विप्स जुन्या डेस्कटॉपवर रात्री लावून ठेवते, लाइट गेली की जिथे थांबलं तिथून पुढे करेल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ३८ पोथ्या झाल्यात. क्वालिटी ८५ आणि ९० दोन्ही करून शेजारी ठेवून बघितलं, लाल दंडाचं तुम्ही म्हणालात ते अगदी तसंच दिसलं, ९० च ठेवलं.

आयआयपीइमेज लावलं. पान एका सेकंदाच्या आत येतं. माझ्या साध्या मोबाइलवर सुद्धा.

काल आमचे एक जुने सभासद आले होते, वय ८१, आयुष्यभर पोथ्या वाचल्या पण आता भिंगानेही जमत नाही. त्यांना टॅबवर ज्ञानेश्वरीच्या प्रतीचं एक पान मोठं करून दिलं. हरताळाखालचं अक्षर त्यांनी वाचलं, मग पुढचं पान स्वतः सरकवलं, मग तासभर उठलेच नाहीत. विश्वस्तांपैकी दोघे तिथेच होते, वॉटरमार्कचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता एकच अडचण. सर्व्हरला एचटीटीपीएस लावल्यावर आमच्या स्वतःच्या पानावर काहीच दिसत नाही, पांढरा चौकोन, आणि मिराडोरच्या डेमो साइटवर लिंक दिली तरी येत नाही. इमेजचा पत्ता सरळ ब्राउझरमध्ये टाकला तर येते.

नदीकाठ

दोन वेगळ्या गोष्टी असणार. तुमच्या पानाचा इन्फो डॉट जेसन (सर्व्हर देतो ती इमेजची माहिती) उघडा, त्यात आयडी एचटीटीपीने सुरू होतो का बघा. एंजिनएक्स पुढे आणि सर्व्हर मागे असला की मागच्याला कळत नाही बाहेर एचटीटीपीएस आहे, तो साधा पत्ता लिहून देतो, आणि ब्राउझर सुरक्षित पानात असुरक्षित इमेज घेत नाही. आयआयपीइमेजला बेस यूआरएल पूर्ण लिहून द्या. डेमो साइटवर न येण्याचं कारण कॉर्स, दुसऱ्या साइटला तुमच्या इमेज वापरायची परवानगी हेडरमधून द्यावी लागते, तीही आयआयपीइमेजच्या सेटिंगमध्ये आहे, किंवा एंजिनएक्समध्ये द्या, पण दोन्हीकडे देऊ नका, हेडर दोनदा गेला की ब्राउझर तोही नाकारतो.

पानोपानी

आयडी एचटीटीपीच होता! बदलला, आपल्या पानावर आलं. कॉर्सही दिला, फक्त आयआयपीइमेजमध्ये. केंब्रिजचं पान डावीकडे, आमचं उजवीकडे, दोन्ही उघडली.

@रुमाल काका, मोडी कागदांचे रुमाल पुढच्या आठवड्यात कन्व्हर्ट होतील. पहिल्या रुमालात ९४ कागद आहेत. पत्ता इथेच टाकते, तुम्ही ओळी वाचून बघाल का?

रुमाल_क्र_७

जरूर. बालबोध लिप्यंतर करून ओळीच्या आकड्यांसकट पाठवतो. कागदाची मागची बाजूही स्कॅन केली आहे ना? तारीख आणि पोचल्याचा शेरा बऱ्याचदा मागे असतो.

पानोपानी

हो, केली आहे. ज्या मागच्या बाजू कोऱ्या होत्या त्या पण.